बातमीतले भामरागड

भामरागडचे नाव राज्याच्या वृत्तपत्रांत प्रामुख्याने दोन निमित्तांनी येते: पर्लकोटेला पूर आला की, आणि जंगलात गोळी चालली की. उरलेल्या दिवसांत येथे मोहफुले वेचली जातात, तेंदूपत्त्याच्या दरावरून ग्रामसभेत वाद होतात, मुले शाळेत येतात. त्याची बातमी होत नाही.

इतिहासाचे शिक्षक या नात्याने आम्ही वृत्तपत्राकडे उद्याच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहतो. म्हणून काही वर्षांपूर्वी नववीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहातील जुन्या अंकांतून आपल्या तालुक्याची कात्रणे काढून वहीत चिकटविण्यास सांगितले. वही भरली. तीत पूर होता, चकमक होती, साहित्यवाटप होते आणि सणाच्या पोशाखात नाचणारे माडिया होते. एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, ह्यात आमच्यातलं कोणीच बोलत कसं नाही?’’

२०१४ साली ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हीरो’ हा चित्रपट आला आणि आमच्याच तालुक्यातील हेमलकसा महाराष्ट्रभर पोहोचले. १९७३ पासून तेथे चाललेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या वैद्यकीय सेवेचे ऋण मोठे आहे. चित्रपट एका डॉक्टरांचा आहे. तो त्यांच्याकडेच पाहणार. परंतु तेवढ्यावरूनच भामरागड ओळखणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात माडिया माणूस रुग्ण म्हणूनच उरतो. जंगलाचा जाणकार, ग्रामसभेत हक्काने बोलणारा माडिया त्याला भेटतच नाही.

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात, न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या रोगाचे निदान केले होते. पत्रकारिता साबण बनविण्यासारखा धंदा झाली आहे आणि एखादा नायक स्वीकारून त्याची पूजा करणे हेच तिने आपले कर्तव्य मानले आहे, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. उपाय तर त्यांनी त्याआधीच, ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू करून दाखविला होता. ज्याचे दुःख, त्याच्याच हाती लेखणी हवी.

आज मुलांच्या हाती मोबाइल आहे. पण यंत्र आले म्हणजे वाणी आली असे नव्हे. रेला नृत्याच्या चित्रफितीवर हिंदी चित्रपटातील गाणे चढविणारा मुलगा आमच्याच वर्गात बसतो, कारण तसे केल्याने पाहणारे वाढतात. बाहेरच्यांनी रेखाटलेले आपले चित्र तो स्वतःच गिरवू लागतो. पुराच्या आणि चकमकीच्या बातम्यांपेक्षा हा धोका आम्हांस मोठा वाटतो.

म्हणून आमच्या व्हरांड्यात दर शनिवारी मुलांचे भित्तिपत्रक लागते. एसटी किती दिवस आली नाही, तेंदूपत्त्याचे पैसे कोणाचे अडले, आजीने कोणता कंद ओळखून दाखविला, हे मुले लिहितात. काही मजकूर माडियात, देवनागरी लिपीत. प्रत्येक मजकुराखाली तीन नोंदी सक्तीच्या असतात: कोणी पाहिले, कोणाला विचारले, कोणाला विचारायचे राहिले.

केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरूने सांगितले आहे म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. त्यात गुरूही आला, हे मुलांनी बरोबर हेरले. वसतिगृहातील पातळ वरणावर त्यांनी लिहिलेली बातमी आम्ही भिंतीवरून काढलेली नाही.