माळकरी आजीचा स्मृतिलेख

भोर-वेल्ह्यात एखादी माळकरी म्हातारी गेली की दशक्रियेला प्रवचन होतं, मग श्रद्धांजलीची भाषणं, आणि वर्षश्राद्धाला कधीकधी एखादी छोटी पुस्तिका. अशा पुस्तिकांचा मजकूर लिहिणं हे माझं काम. ते करता करता एक मत पक्कं होत गेलं: बाईची भक्ती विशेषणांनी सांगितली की बाईच नाहीशी होते. धर्मपरायण, प्रेमळ, कष्टाळू हे कुठल्याही गावच्या कुठल्याही आजीला लागू पडतं. एकादशी धरली, वारी केली, मेंगाई देवीच्या नवरात्रात उपास केले, ही यादीही तशीच. त्या भक्तीपायी तिनं कोणता निर्णय घेतला, काय सोडलं, कुणाशी वाकडं घेतलं, हे कळलं तरच ती तिच्या नावानिशी उभी राहते.

मराठीत याचा सर्वांत भक्कम पुरावा एका ख्रिस्ती घरातला आहे. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या पाठोपाठ गेल्या नाहीत. त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या, सोवळं सांभाळत राहिल्या. माणसामाणसातला विटाळ देवानं घातलेला नाही, हे त्यांचं त्यांना पटलं तेव्हा त्या बदलल्या, आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागानं छापून आलं. त्यात टिळकांचा संताप आहे, हातात पैसा न टिकण्याचा त्यांचा स्वभाव आहे, स्वतःचा हट्ट आहे, आणि या सगळ्यासकट निष्ठा आहे. 1919 मध्ये टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं काव्य ‘ख्रिस्तायन’ याच बाईंनी पुढे लिहायला घेतलं. त्या दर रविवारी चर्चला जात, एवढ्यावर त्यांचं चरित्र उरकलं असतं तर मराठी वाचकाच्या हाती काय लागलं असतं? त्या पाच वर्षांच्या नकारामुळेच पुढचा होकार त्यांचा स्वतःचा ठरतो.

यावर कुणीही म्हणेल की लक्ष्मीबाईंना लिहिता येत होतं, घरात कवी होता. तोरण्याच्या पायथ्याच्या बाईनं कागद कुठून आणायचा? हरकत खरी आहे. चर्चच्या वहीत बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या तारखा तरी असतात. इथे आधार कार्डावर बऱ्याचदा अंदाजानं टाकलेली 1 जानेवारी असते. पण सालं काढता येतात. भोर संस्थान 1948 मध्ये विलीन झालं, पानशेतचं धरण 12 जुलै 1961 ला फुटलं, 1972 चा दुष्काळ तर घराघरात ठाऊक आहे. लग्न पानशेतच्या अलीकडचं की पलीकडचं, थोरला दुष्काळात रांगत होता की शाळेत जात होता, एवढं विचारलं तरी आयुष्याचा क्रम लागतो. आणि शब्दांचं म्हणाल तर ते जात्यावर होते. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, गाणारीचं नाव आणि गाव यांच्या नोंदीसह. त्यांत विठ्ठल आहे, सीतेचा वनवास आहे, माहेरचा भाऊ आहे, सासुरवास आहे, बाबासाहेबही आहेत. अक्षरओळख नसलेल्या बायकांनी देवाशी आणि माणसांशी कसा हिशेब मांडला, याचा एवढा मोठा दस्तऐवज दुसरा मला माहीत नाही.

ओव्या तर सगळ्यांच्या, मग त्यातून एकीचं आयुष्य कसं काढायचं, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. ओवी म्हणजे काही जबानी नव्हे. सासूचा जाच गायला म्हणजे तो सोसलाच असेल असं नाही. पण शेकडो ओव्यांतून ती कोणत्या पुन्हा पुन्हा गायची, त्यात कुणाचं नाव घालायची, कुणाचं टाळायची, ही निवड तिचीच होती. पंढरीच्या ओव्या भरपूर गाणाऱ्या बाईच्या तोंडी नवऱ्याची एकही नसेल, तर लिहिणाऱ्यानं थांबून चौकशी करायला हवी. निष्कर्ष मात्र दुसऱ्या साक्षीशिवाय काढू नये.

राहिला दुःखाच्या वेळी चिकित्सा कशाला, हा आक्षेप. तो मी हलका मानत नाही. लेकांना आई देवमाणूस होती असं ऐकायचं असतं आणि त्यात काही वावगं नाही. घरातलं सगळंच छापावं असंही नाही. जिवंत सुनेला दुखवणारा मजकूर मी गाळतो. पण गाळणं वेगळं आणि गुळगुळीत करणं वेगळं. दीर मुंबईला, नवरा अंथरुणावर, अशा काळात भाताची खाचरं एकटीनं राखणाऱ्या बाईनं एखाद्या वर्षी वारी चुकवली असेल, तर ती चुकलेली वारी लिहिलीच पाहिजे. तिची भक्ती कशाकशातून वाट काढत होती ते तिथेच दिसतं. आणि ही माहिती व्यासपीठावरच्या पाहुण्यांकडे नसते. ती असते तिच्याबरोबर लावणीला वाकलेल्या, जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लावलेल्या बायकांकडे. त्यांतल्या बऱ्याच जणी आज ऐंशीच्या पुढे आहेत, म्हणून पुस्तिकेचं काम आलं की लेकांच्या आधी मी त्यांची घरं विचारतो.