उधारीची नदी

गतवर्षी जूनमध्ये आम्ही उभयता टोरांटोला मुलाकडे होतो. 21 जून हा दिवस कॅनडात 1996 पासून तेथील मूलनिवासींचा राष्ट्रीय दिन म्हणून साजरा होतो. त्यानिमित्त शेजारच्या मिसिसागा शहरात, क्रेडिट नदीकाठच्या उद्यानात मेळा भरला होता. भोजनाची पंचाईत होईल म्हणून सूनबाईंनी दशम्या व शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली होती. ती काळजी रास्त ठरली.

मैदानाच्या मध्यभागी एकच भला मोठा ढोल. त्याभोवती बसून सात-आठ जण एका ठोक्याने तो वाजवीत होते. स्त्रियांच्या झग्यांवर पत्र्याच्या शंकूंच्या रांगा शिवलेल्या. पाऊल पडले की कौलांवर सर कोसळावी तसा नाद उठे. प्रेक्षकांत पंजाबी, चिनी, सोमाली आणि आम्ही सांगलीकर! बहुसांस्कृतिकता हे राजधोरण या देशाने 1971 मध्ये स्वीकारले. त्यातले यजमान कोण आणि पाहुणे कोण, हे मात्र मला त्या दिवशी उमगले.

माझे व्यापारी मन अडकले ते नदीच्या नावात. क्रेडिट म्हणजे उधारी. फ्रेंच व्यापारी येथील मिसिसागा लोकांना माल उधार देत आणि पुढल्या वसंतात ते लोक केसाळ कातडी आणून ऋण फेडीत. त्यावरून हे नाव पडले. (व्यापार हिंसेचा, आपल्याला न रुचणारा, पण शब्द पाळला जात होता.) पुढे इंग्रजांनी 1787 मध्ये टोरांटोच्या जमिनीचे खरेदीखत केले, ते कोरेच निघाले! तीन प्रमुखांच्या खुणा वेगळ्या चिठ्ठ्यांवर, खताला जोडलेल्या. 1805 मध्ये ते नव्याने करून सुमारे अडीच लाख एकरांसाठी अवघे दहा शिलिंग मोजले गेले. 1847 मध्ये हे लोक नदीकाठ सोडून गेले, तरी नव्या वस्तीला त्यांनी न्यू क्रेडिट असेच नाव दिले. त्या खरेदीचा दावा मिटला तो 2010 मध्ये. सरकारने साडेचौदा कोटी डॉलर दिले.

कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा नाही, हा आमच्या पेढीवर आजोबांचा दंडक. कूटलेखक्रिया हा सत्याणुव्रताचा अतिचार, हे पाठशाळेत पाठ केलेले. मुलाचे घर त्याच जमिनीवर उभे आहे. हे बोलून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "अण्णा, माझा व्यवहार तर चोख आहे." होताच. तरी दशमी घशाखाली उतरेना.

निघताना सूनबाईंनी एका वृद्धेकडून मण्यांची कर्णभूषणे घेतली. सवयीने भाव करण्यासाठी मी तोंड उघडले. मग मिटले, आणि सांगितली तेवढी रक्कम मोजून दिली.