पुराची वर्दी

नरसोबाच्या वाडीस पाणी पादुकांवरून दक्षिणद्वारी वाहू लागले की स्नानास गर्दी लोटते. आम्हां कृष्णाकाठच्या लोकांस पुराचे भय आहे, तशी भक्तीही आहे. परंतु ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी ५७ फुटांपर्यंत चढले, तेव्हापासून आम्ही वर्दीचा विचार अधिक करू लागलो.

कोयनेवरील अभियंत्यास विसर्ग ठाऊक असतो, पुलावरील नोंदणाऱ्यास पातळी, कर्नाटकात अलमट्टीवर असणाऱ्यास तेथील साठा आणि नाववाल्यास गल्लीतील ओढ. प्रत्येकाचे ज्ञान खरे, पण एकेकटे अपुरे. हे सारे वेळेच्या नोंदीसह एका नकाशावर आले, तरच बचावपथकास आज काय आहे, त्याचा अर्थ काय आणि रात्री काय होईल, हे उमगते.

तरीही सांगितले म्हणजे पोहोचले, असे नव्हे. ‘इतके क्युसेक सोडले’ यातून म्हाताऱ्या आजीस काय बोध व्हावा? ‘रात्री पाणी मारुतीच्या पारास लागेल’ असे तिच्या मराठीत वा कानडीत सांगावे, आणि तिच्याकडून ते परत वदवून घ्यावे. मग ती गाठोडे उचलते.