चक्रवाकाची वाट, वाघाची वाट

ज्ञानगंगा अभयारण्यात पलढग धरणावर थंडीतल्या सकाळी गेलं की मी आधी कवड्या धीवर शोधतो. काळापांढरा, ठिपक्याठिपक्यांचा. पाण्यावर दोन पुरुष उंचीवर तो जागच्या जागी पंख फडफडवत थांबतो, मान वाकवलेली, चोच सरळ खाली. मग दगडासारखा कोसळतो. पुष्कळदा रिकामाच वर येतो, अंग झटकतो आणि पुन्हा तिथंच फडफडत राहतो.

उथळ पाण्यात चक्रवाकांची केशरी जोडी. ही पाखरं लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. खाली रेल्वे आहे की हायवे, त्यांना काय त्याचं!

वाघाला तशी सोय नाही. टिपेश्वरचा एक तरुण नर २०१९च्या अखेरीस या जंगलात पोहोचला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून हिशेब कळला: तेलंगणातून, मराठवाड्यातून, शेतं आणि नाले धरून सुमारे १३०० किलोमीटर. इतकं चालून आला, आणि इथं एकही वाघीण नव्हती.

वाघिणी आहेत त्या उत्तरेला, सातपुड्यात, अंबाबरवा-मेळघाटकडे. दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेतलं हे २०५ चौरस किलोमीटरचं जंगल. मधे आमचं नांदुरा: पऱ्हाटी, तूर, मुंबई-हावडा लोहमार्ग, राष्ट्रीय महामार्ग. या उघड्या रानात आडोसा म्हणावा तो नद्यांचाच. ज्ञानगंगा, विश्वगंगा डोंगरातून उतरून पूर्णेला मिळतात. काठानं बाभळी, घाणेरी, पळस. रोही आणि रानडुकरं रात्री याच आडोशानं हिंडतात. उद्या एखादा वाघ सातपुड्याकडे निघालाच, तर तोही बहुधा इथूनच जाईल.

म्हणून काठ साफ करायला जेसीबी उतरला की माझा जीव तुटतो. सफारीला आलेले लोक अस्वल दिसलं का, बिबट्या दिसला का, एवढंच विचारतात. साहजिक आहे. पण अभयारण्याची हद्द संपते तिथून पुढची ही झुडपंही जंगलाचीच आहेत, हे मला त्यांना दाखवावंसं वाटतं.

भेटेल त्या शेतकऱ्याला मी सांगतो, धुऱ्यापलीकडच्या बाभळी राहू द्या. कुणी ऐकतो. कुणी हात धरून शेतात नेतो आणि रोह्यांनी एका रात्रीत तुडवलेला हरभरा दाखवतो. त्याचा राग खोटा नाही. भरपाई वेळेवर हातात पडली तर त्या बाभळींवर त्याची कुऱ्हाड चालणार नाही, असं मला मनापासून वाटतं.