फायबरचं एक वॉशर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी आमची पद्मिनी अंगणातच अडून बसली. आदल्या संध्याकाळपर्यंत ती चालत होती; चढावर जरा अडखळायची, एवढंच. म्हणूनच मी पॉइंट, कंडेन्सर, रोटर, चारही प्लग आणि प्लगच्या वायरी बदलायला घेतल्या. सामान धुळ्याच्या आग्रा रोडवरून आणलं होतं. रात्री बोनट लावलं आणि सकाळी चावी फिरवली, तर स्टार्टर इंजिन फिरवतोय, पण इंजिन एकदाही पकडत नाही.

गाडी वडिलांची, १९८६ची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरात बंद झाली, तेव्हा वडिलांनी ती बातमी दोनदा वाचून पेपर घडी घालून ठेवला होता. ते गेल्यानंतरची ही पहिली आखाजी. त्यांच्या नावाची घागर भरायची होती, आणि ताईला शिरपूरहून आणायचं होतं. नरडाण्याहून हायवेला लागलं, तापी ओलांडली की शिरपूर. एसटीनेही ती आली असती. पण दर आखाजीला वडील तिला आणायला पद्मिनीच काढायचे. मला ती रीत मोडायची नव्हती.

नऊ वाजेपर्यंत मी नको ते सगळं केलं. कार्बोरेटर उघडला, पेट्रोलचा पाइप फुंकला, पुन्हापुन्हा स्टार्टर मारून बॅटरी थकवली. शेवटी बापूंना बोलावलं. बापू म्हणजे वडिलांचे मित्र, हायवेवर पन्नासेक वर्षं गाड्या दुरुस्त केलेले. आता डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून ते काम करत नाहीत. निंबाखाली खाट टाकून दिली, तिच्यावर बसले आणि उघडा कार्बोरेटर पाहून म्हणाले, “आधी ठिनगी शे का दख. मंग पेट्रोलनं नाव ले.”

प्लग काढून वायरीसकट इंजिनावर आडवा ठेवला, पोराला स्टार्टर मारायला सांगितलं. ठिणगी नाही. चारही वायरींवर तेच. बापूंनी विचारलं, काल कशाकशाला हात लावलास? मी यादी सांगितली. “मग बिघाड तिथंच आहे,” ते म्हणाले, “बाकी गाडी काल चालत होती ना?”

त्यांनी मला पार्किंग लाइटचा बल्ब काढून त्याला दोन वायरी जोडायला लावल्या. एक वायर इंजिनाच्या लोखंडाला, दुसरी कॉइलवर. चावी चालू केली. स्विचकडून करंट येतो त्या टोकाला बल्ब लागला. डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टोकाला लावला, तर अंधार. मग चौथा गिअर टाकून गाडी हळूहळू पुढे ढकलली, म्हणजे इंजिन फिरेल आणि पॉइंट उघडेल-मिटेल. पॉइंट मिटला की बल्ब विझायला हवा, उघडला की पेटायला हवा. आमचा बल्ब विझलेलाच. बापूंनी डिस्ट्रिब्युटरची वायर कॉइलवरून सोडवायला सांगितली. सोडवली मात्र, बल्ब लख्ख लागला.

तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो. सकाळपासून सगळी गाडी संशयित होती. आता एका वाटीएवढ्या डब्यात सगळं आलं. करंट तिथं आत कुठेतरी थेट लोखंडाला जाऊन मिळत होता. पॉइंटची गंमतच ही आहे की ठिणगी करंट जोडल्याने पडत नाही, तोडल्याने पडते. पॉइंट उघडून प्रवाह तुटतो त्या झटक्यात कॉइल बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. जे तुटतच नाही, त्यातून ठिणगी कुठली?

डिस्ट्रिब्युटर उघडला. पॉइंटच्या स्क्रूखाली फायबरचं एक वॉशर असतं, नखाएवढं. कंडेन्सरची आणि कॉइलची वायर पॉइंटच्या स्प्रिंगला टेकायला हवी, पण खालच्या प्लेटला नाही; मध्ये राखण करतं ते हे वॉशर. रात्रीच्या उजेडात मी ते चुकीच्या बाजूला घातलं होतं. बापूंना ते दिसत नव्हतं; त्यांनी बोटाने चाचपून सांगितलं. वॉशर जागेवर गेलं, गाडी ढकलली, बल्ब मिचकावू लागला. प्लगवर निळी ठिणगी कडाडली.

आणि तरीही गाडी सुरू झाली नाही. स्टार्टर मारला तर कार्बोरेटरमधून फाडकन आवाज आला, इंजिन हादरलं. बापू हसले नाहीत. “वायरी,” एवढंच म्हणाले. जुन्या वायरी मी चारही एकदम उपटल्या होत्या आणि नव्या लावताना कॅपवर एक, दोन, तीन, चार अशा ओळीने बसवल्या होत्या. या इंजिनाचा क्रम एक, तीन, चार, दोन. झटके सगळ्या क्रँकवर सारखे पडावेत म्हणून चुली एकापाठोपाठ ओळीने पेटत नाहीत. माझ्या जोडणीत एक नंबर सोडला तर प्रत्येक ठिणगी भलत्याच सिलिंडरला जात होती. खात्री करायला बापूंनी एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवायला लावला. गाडी ढकलताना हवेचा दाब अंगठा उचलू लागला, तिथं थांबलो आणि रोटर एक नंबरच्याच वायरीकडे आहे हे पाहिलं. मग रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने तीन, चार, दोन.

एक वाजला होता. ऊन अंगणात उभं राहू देत नव्हतं. बॅटरीत जीव नव्हता, म्हणून शेजारची चार पोरं धक्का द्यायला आली. वीसेक पावलांवर मी क्लच सोडला. “व्हई गई, व्हई गई!” पोरं ओरडली. बापू खाटेवरून उठले, बोनटवर हात ठेवून बराच वेळ आवाज ऐकत राहिले आणि मग म्हणाले, टायमिंग किंचित मागे घे. मी डिस्ट्रिब्युटर अगदी थोडा वळवला. इंजिन गप्प, एकसारखं फिरू लागलं.

दुसऱ्या दिवशी ताईला घेऊन आलो. वाटेत तिला सगळं सांगितलं. संध्याकाळी तिने पर्समधून लाल नेलपेंट काढलं, बोनट उघडायला लावलं आणि प्रत्येक वायरीवर ठिपके दिले: एक, दोन, तीन, चार. कॅपवरही तेच, ज्याच्या त्याच्या जागी.