पश्चिमेला समुद्र



ढाणकीहून समुद्र पाहायला जायचं म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा कापायचा. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे पैनगंगा, आणि पावसाळ्यात फार तर सहस्रकुंडचा धबधबा. यंदा दिवाळीला मंदिरात निर्वाण लाडू वाहिला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मालवणला निघालो. ह्यांचे एक मित्र पूर्वी उमरखेडला शिक्षक होते. निवृत्त होऊन ते गावी परतले आणि तेव्हापासून 'एकदा या' म्हणून मागे लागले होते. वाटेत कुंभोज बाहुबलीला मुक्काम केला, 28 फुटी बाहुबली भगवंतांचं दर्शन घेतलं, आणि राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कोकणात पोचलो.

गाडीत दोन याद्या होत्या. मुलांची यादी कागदावर होती: स्कूबा, पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना राइड. दुसरी यादी सासूबाईंच्या मनात होती, आणि ती आम्हाला मालवणला पोचेपर्यंत कळलीच नाही.

सासूबाईंनी बऱ्याच वर्षांपूर्वी माताजींकडून दिग्व्रत घेतलंय. दहा दिशांना आपल्या जाण्यायेण्याची हद्द आखून घ्यायची आणि मरेपर्यंत ती ओलांडायची नाही, असं हे व्रत. रत्नकरंडक श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी सांगितलंय की हद्द ठरवताना समुद्र, नदी, अरण्य, पर्वत अशा सगळ्यांना माहीत असलेल्या खुणा घ्याव्यात. सासूबाईंनी तशाच घेतल्या. पूर्वेला शिखरजी, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला हस्तिनापूर, पश्चिमेला समुद्र. वर शिखरजीचा पहाड, खाली विहिरीचा तळ. तेव्हा त्यांनी समुद्र पाहिलेलाही नव्हता.

मालवणच्या धक्क्यावर होडीची तिकिटं काढायला हे निघाले, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं काढू नको. माझी हद्द इथं संपली."

समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसत होता. होडीनं थोडक्या मिनिटांचा रस्ता. ह्यांनी समजावलं, "आई, किल्ला म्हणजे जमीनच की! कुरटे बेटावर बांधलाय." मित्र म्हणाले, "आजी, एवढ्या लांबून येऊन किल्ला न बघता परत जाणार?" मलाही वाईट वाटत होतं. त्यांचे गुडघे पाहता पुन्हा एवढा प्रवास होईल, असं कोणालाच वाटत नव्हतं. पण त्या ह्यांना एवढंच म्हणाल्या, "व्रत मी घेतलंय बाप्पा, त्याला पळवाट तू शोधू नको."

मित्राच्या पत्नीनं हा प्रश्न न वाद घालता सोडवला. "आजी, तुम्ही माझ्याबरोबर चला," म्हणत त्या सासूबाईंना मोरयाच्या धोंड्यापाशी घेऊन गेल्या. हा कातळ किनाऱ्यावरच आहे. त्यावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेले आहेत. 1664 साली किल्ल्याच्या बांधकामाआधी शिवाजी महाराजांनी भूमिपूजन केलं ते इथं. तिथून अख्खा किल्ला एका नजरेत दिसतो. आम्ही परत येईपर्यंत दोघी तिथंच बसल्या होत्या.

आम्ही किल्ला पाहिला. पायात शिसं ओतून रचलेला तट, राजाराम महाराजांच्या काळचं शिवराजेश्वराचं मंदिर, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी. मुलीनं परतल्यावर आजीला सगळं तपशिलानं सांगितलं. चारी बाजूंना खारं पाणी आणि मधोमध गोडं, हे ऐकून आजीचा पहिला प्रश्न, "गाळून पितात का?" घरी त्या पाणी गाळल्यावर गाळण्यातली जिवाणी अजून नेमानं परत विहिरीत सोडतात. त्यांना दुसरं काय सुचणार?

आता मुलांची यादी. मला दिग्व्रत नाही. पण त्याचंच धाकटं रूप म्हणजे देशव्रत, ठरावीक काळापुरती हद्द. त्या रात्री मी दोन दिवसांपुरती ती घेतली आणि मुलांना समोर बसवून यादी वाचली. अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्या येते. माती उकरणं, पाणी उडवणं, आग पेटवणं, पानं तोडणं, उगाच हिंडणं, हे सारं निष्कारण केलं तर ती प्रमादचर्या. सगळा भर 'निष्कारण' या शब्दावर आहे. म्हणून प्रत्येक खेळापुढे एकच प्रश्न ठेवला: यातून आपल्या हाती काय लागणार?

जेट स्की पहिल्याच फेरीत गेली. नुसता आवाज आणि पेट्रोल. बनाना राइडमध्ये शेवटी मुद्दाम पाण्यात पाडतात, तीही गेली. धाकटा अकरा वर्षांचा, तो रुसून बसला. पॅरासेलिंग त्यानं स्वतःच खोडलं, कारण उंचीला तो घाबरतो. मुलगी चौदाची. तिनं स्कूबासाठी चांगला युक्तिवाद केला: "आई, त्रस जीव, स्थावर जीव पाठशाळेत नुसते पाठ केलेत. बघितले कधी?" मी कबूल झाले. अटी दोन. कशालाही हात लावायचा नाही, आणि एक शिंपलाही घरी आणायचा नाही.

ती प्रशिक्षकाबरोबर खाली गेली तेव्हा माझं तोंड कोरडं पडलं होतं. होडीत मी णमोकार म्हणत बसले. जाण्याआधी तिला खुणा शिकवल्या होत्या. अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, 'मला वर न्या'. कानात दडा बसला तर नाक चिमटीत धरून हवा सोडायची. ती वर आली ती हसतच.

नंतर धाकट्याबरोबर मीही स्नॉर्केलिंग केलं. लाइफ जॅकेट घालून, नळी तोंडात धरून पाण्यात तोंड घातलं, आणि खाली कातळावर पट्टेरी माशांचा थवा शांतपणे चरत होता. मी पाय हलवायचे थांबवले. एवढ्या जिवांच्या घरात आपण शिरलोय हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. समुद्रस्नानानं पुण्य लागतं असं मानणं ही आपल्याकडे लोकमूढताच, त्यामुळे पुण्याचं नाव मी घेणार नाही. आनंद झाला, एवढं खरं.

जेवणाची मला धास्ती होती, मासे शिजणारं घर ते. पण वहिनींनी आमच्यासाठी भांडी वेगळी काढली होती. आंबवावं लागत नाही म्हणून घावणे, कांदा-लसणाशिवाय काळ्या वाटाण्याची उसळ, आणि लसूण न घालता सोलकढी. नारळाच्या दुधाची कढी, त्यामुळे उसळीबरोबर द्विदलाचीही अडचण नाही. मालवणला सूर्य आमच्यापेक्षा पाव तासाहून जास्त उशिरा मावळतो. तेवढ्यात सासूबाईंचं जेवण निवांत व्हायचं आणि मग त्या अंगणातून सूर्यास्त बघायच्या.

शेवटच्या संध्याकाळी मी विचारलंच, "आई, किल्ला राहिल्याचं वाईट नाही वाटत?"

त्या म्हणाल्या, "काहून वाटंल? हद्दीपलीकडं आपल्या हातून कोणालाच त्रास नाही. एवढ्या मोठ्या समुद्रातल्या एकेका जिवाला माझ्याकडून अभय आहे. आजवर मी ते नुसतं म्हणत होते. कोणाला दिलं, ते आज पाहिलं."

शास्त्रातही हेच आहे. हद्दीबाहेरच्या जगापुरतं श्रावकाचं अणुव्रत महाव्रतासारखं होतं. मी ते अनेकदा वाचलं होतं. आम्हाला वाटत होतं की त्यांचा समुद्र आमच्यापेक्षा लहान राहिला. प्रत्यक्षात आम्ही पाहिला तो होडी जाईल तेवढाच, आणि त्यांनी सोडून दिला तो सगळा.

सुट्टीला निघताना आता आमच्याकडे बॅग भरण्याआधी हद्द ठरते. काय करायचं आणि काय सोडायचं, ते मुलांनीच लिहायचं. धाकट्यानं पुढच्या वेळची यादी लिहून ठेवलीय. जेट स्की त्यात पुन्हा आहे. बघू, आमचा प्रश्नही तोच असेल.