ऐंशीचा आकडा

बर्फात रोवलेल्या नळ्यांत पाण्यासारखा पातळ रस जमत असतो. शिरेतून सिक्रेटिन दिलं की स्वादुपिंड हा रस सोडू लागतं. मग एन्डोस्कोपीच्या नळीतून, लहान आतड्याच्या तोंडाशी, दर पंधरा मिनिटांनी तो ओढून घ्यायचा, तासभर. त्यातल्या बायकार्बोनेटचा सर्वांत वरचा आकडा लिटरला 80 मिलिइक्विव्हॅलंटच्या खाली राहिला, तर स्वादुपिंडाचं काम मंदावलं असं धरतात.

या चाचणीचं मूळ लंडनमधलं. 1902 च्या जानेवारीत युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका वेटोळ्याचे मज्जातंतू तोडून त्यात आम्ल सोडलं. तरी स्वादुपिंडातून रस आला! निरोप रक्तातून गेला होता. त्या निरोप्याचं नाव सिक्रेटिन. अशा निरोप्यांसाठी ‘हार्मोन’ हा शब्द स्टार्लिंग यांनी 1905 मध्ये रूढ केला.

पण या आकड्यावर भिस्त किती ठेवायची? ते बरंचसं नळी धरणाऱ्या हातावर ठरतं. जठरातलं आम्ल रसात मिसळलं की बायकार्बोनेट मारलं जातं आणि धडधाकट स्वादुपिंडाचाही आकडा पडतो. म्हणून आधी जठर ओढून पुरतं रिकामं करायचं, मगच नळी पुढे न्यायची. नमुना आम्लाकडे झुकला असेल तर त्याचा भरवसा धरू नये. लवकर उरकण्याचा मोह तर रोजचाच: गुंगीतला रुग्ण, दाराबाहेर ताटकळलेले नातेवाईक. पण कुणाचा उच्चांक 30 मिनिटांनी येतो, कुणाचा 45. आधीच थांबलं तर निरोगी माणूस रोगी ठरतो.

हात चोख असूनही आकडा फसवतो. धूम्रपान, मधुमेह, नुकतीच ओसरलेली स्वादुपिंडाची तीव्र सूज, यांनीही तो खाली येतो.

मग विष्ठेतलं इलास्टेज, म्हणजे स्वादुपिंडाचंच एक पाचक द्रव्य, तपासावं का? सोपं आहे खरं, पण पातळ जुलाबात ते खोटं कमी दिसतं आणि सौम्य आजार निसटतो. स्वादुपिंडाची राखीव ताकद एवढी, की विष्ठेत चरबी दिसू लागते तेव्हा चरबी पचवणारं लायपेज दहा टक्क्यांच्याही खाली गेलेलं असतं. तोवर थांबायचं नसेल तर ही किचकट चाचणीच कामाची.

आकडा चांगला आला, तर बळावलेला आजार नाही असं बऱ्याच खात्रीने सांगता येतं. एकट्या कमी आकड्यावरून मात्र कुणाच्या माथी जन्माचा आजार मारू नये. आणि डॉक्टरांनो, अहवालात नुसता आकडा नको. नमुने किती, किती मिनिटांनी घेतले, हेही लिहाच.